जावेला झालेला दुर्मिळ आजार

माझ्या मोठ्या जावेला दुर्मिळ आजार झाला आहे, हे आमच्या घरात सांगितलं ते माझ्या मोठ्या दिरांनी. उल्हासनगरच्या हॉस्पिटलातून दोघं परत आले. जाऊ आत जाऊन पडली आणि दीर सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, टीबी नाही, न्यूमोनिया नाही. फुप्फुसात बुरशीची अ‍ॅलर्जी झाली आहे. आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव त्यांनी मोबाइलमध्ये लिहून आणलं होतं, ते अडखळत वाचून दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेअर आहे. लाखात एखाद्याला होतो."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होते. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मला स्वच्छ आठवतं. हिला आजारसुद्धा वेगळाच मिळाला, असं आलं.

आम्ही पालेगावच्या बाजूला राहतो. सोसायटी नवी आहे, मागच्या बाजूला अजून भाताची खाचरं दिसतात. एकाच विंगमध्ये दोन भावांचे दोन फ्लॅट आहेत. थोरले तिसऱ्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर चौथ्या. सासूबाई थोरल्यांकडे राहतात. जाऊ अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. तिला न्यायला कंपनीची गाडी गेटपर्यंत येते. मी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या एका खाजगी मराठी शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते आणि शेअर रिक्षाने जाते. तिचं लग्न माझ्या आधी झालं, घर आधी झालं, घरातला मान आधी ठरला. मी आले तेव्हा सगळ्या चांगल्या जागा भरलेल्या होत्या.

एकच गोष्ट अशी होती जी माझ्याकडे तिच्या कितीतरी आधीपासून होती. दमा. मला लहानपणापासून दमा आहे. लग्न ठरताना तो सांगितला होता, आणि सासरच्यांनी तो चालवून घेतला होता, हे मला अधूनमधून ऐकवलंही जायचं. माझ्या खोकल्याला घरात कुणी दचकत नसे. टीव्हीवर बातम्या चालू असल्या आणि मला उबळ आली, तर सासूबाई रिमोटने आवाज वाढवायच्या. त्यांच्या मनात वाईट नसायचं, सवयच झाली होती. नवरा म्हणायचा, खडूची धूळ आहे, दुसरं काही नाही. मग शाळेत पांढरे बोर्ड आले, खडू गेला, मार्कर आले. खोकला तसाच राहिला. तेव्हा तो म्हणाला, कॅम्पातली हवाच खराब आहे.

जावेला धाप लागायला लागली ती अलीकडे, दोन-तीन वर्षांपूर्वी. ती श्वासाचा पंप पर्समध्ये लपवून ठेवायची आणि ऑफिसच्या बाथरूममध्ये घ्यायची. मग एका पावसाळ्यानंतर तिचा ताप हटेना. एक्स-रेवर डाग आला. कंपनीचा विमा होता म्हणून फॅमिली डॉक्टरांच्या गोळ्यांवर न थांबता ती थेट छातीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं, हातावर टोचून अ‍ॅलर्जी बघितली, स्कॅन काढला आणि पहिल्याच फेरीत आजाराला नाव दिलं.

त्यानंतर आमच्या घराचं जे झालं ते मी रोज एक मजला खाली उतरून बघत होते. दिरांनी आठवडाभर रजा टाकली. हॉलच्या भिंतीला ओल होती, ती खरवडून नवा रंग दिला. जुनी गादी आणि कापडी सोफा काढून टाकला. सासूबाई, ज्यांनी माझ्यासाठी कधी आल्याचा तुकडा ठेचला नव्हता, त्या सकाळी उठून थोरल्या सुनेसाठी सूप करू लागल्या. बदलापूरहून नणंद आली ती फळांची करंडी घेऊन. नातेवाइकांचे फोन आले की जाऊ उशीला टेकून आजाराचं नाव न अडखळता सांगायची, मग त्याचा अर्थ सांगायची. बुरशी सगळ्यांच्याच श्वासात जाते, पण आपलं शरीर तिच्यावर चिडतं, असं. तिचं सांगणं चांगलं होतं. मी ते इतक्या वेळा ऐकलं की मला पाठ झालं.

मी तिच्यासाठी भाकरी करायचे, तिच्या मुलांचा डबा भरायचे. सगळं नीट करायचे. आणि हे करताना आतून जळायचे. माझ्या दम्याला एवढ्या वर्षांत कुणी एक भिंत रंगवली नव्हती.

तिच्या बाल्कनीत कुंड्या होत्या. मनी प्लांट, तुळस, कढीपत्ता, ओल्या मातीत शेणखत मिसळलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कुजलेला पाला आणि ओली माती तिच्या जवळ नको. दिरांनी सगळ्या कुंड्या लिफ्टमधून वर आणल्या आणि आमच्या बाल्कनीत मांडल्या. मी म्हणाले, मलाही दमा आहे ना. ते ओशाळले नाहीत, चिडलेही नाहीत. समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, तुझा साधा दमा आहे."

मी कुंड्यांना पाणी घालत राहिले, माती उकरत राहिले, वाळलेली पानं हाताने गोळा करत राहिले. दिवाळीच्या सुमारास माझा खोकला एकदम वाढला. वर्गात कविता म्हणून दाखवताना मधेच थांबावं लागायचं. मुलं शहाणी, ती पुढची ओळ स्वतःच म्हणून टाकायची.

मग एकदा दिरांना रजा मिळाली नाही आणि जावेबरोबर तपासणीला थांबायचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा सुटल्यावर मी तिला हॉस्पिटलात भेटले. आम्ही बाकावर नंबरची वाट बघत बसलो. स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे जावेचा चेहरा गोल झाला होता, पण साडी इस्त्रीची होती आणि फाइल मांडीवर सरळ होती.

शेजारी बदलापूरची एक बाई बसली होती. नवऱ्याची पिठाची गिरणी आहे म्हणाली. तिने जावेला सहज विचारलं, काय होतंय तुम्हाला. जावेने नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. म्हणजे हा थोडा वेगळा आजार आहे, रेअर असतो, असं म्हणून तिने नाव घेतलं. बाई म्हणाली, "हो हो, मलापण तेच. दोन वर्षं झाली." आणि पलीकडे बसलेला एक रिक्षावाला वाकून म्हणाला की त्यालाही तेच आहे, गोळी कुठली चालू आहे, सकाळची की दोन्ही वेळची? मग ते दोघं गोळीने भूक किती लागते यावर बोलायला लागले.

जाऊ फाइलवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. बाकावर बसल्या बसल्या आतून गार वाटलं.

आत गेल्यावर डॉक्टर तिचे रिपोर्ट बघत होते आणि मी मागच्या स्टुलावर बसून खोकत होते. दाबायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी विचारलं, हा खोकला किती दिवसांचा? मी म्हणाले, दिवसांचा नाही, लहानपणापासूनचा आहे, दमा आहे. त्यांनी विचारलं की खोकल्यातून कधी तपकिरी, घट्ट गुठळी पडते का. मी हो म्हणाले. ती कितीतरी वर्षं पडत होती. मला वाटायचं रस्त्यावरची धूळ बाहेर पडते.

"कधी तपासलं नाही?" त्यांनी विचारलं.

"साधा दमा आहे," मी म्हणाले. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि मलाच कसंतरी झालं.

त्यांनी माझ्या नावाचा वेगळा कागद काढला आणि जावेच्या केल्या होत्या त्याच तपासण्या लिहिल्या. जाऊ माझ्याकडे बघत होती. 

रिपोर्ट आणायला मी नवऱ्याबरोबर गेले. मला तोच आजार निघाला. रक्तातला अ‍ॅलर्जीचा आकडा जावेच्या आकड्यापेक्षा बराच जास्त होता. स्कॅन उजेडासमोर धरून डॉक्टरांनी दाखवलं, श्वासाच्या काही नळ्या कायमच्या रुंद झाल्या होत्या. म्हणाले, हे काही महिन्यांतलं नाही, जुनं आहे. जावेचं लवकर सापडलं म्हणून तिच्या नळ्या चांगल्या राहिल्या आहेत.

नवरा घाबरला. त्याने भावाकडून ऐकलेलंच विचारलं, हा तर लाखात एखाद्याला होतो ना, मग एका घरात दोघींना कसा?

डॉक्टर म्हणाले, "लाखात एखाद्याला हे मी कधी म्हटलं नाही. रेअर म्हणतात खरं. सगळ्या लोकांत बघितलं तर थोड्यांनाच होतो, कारण ज्याला दमा नाही त्याला हा सहसा होत नाही. पण दम्याच्या पेशंटमध्ये शोधायला गेलं की सापडतो. आपल्याकडे बऱ्यापैकी सापडतो. शोधत नाही कुणी. एक्स-रेवर डाग दिसला की टीबीचं औषध सुरू करतात."

टीबीचा शब्द आला आणि मला खुर्चीत बसवेना.

माझी आई शहाडला चाळीत राहायची आणि उल्हासनगरला एका गोदामात चिंधी निवडायला जायची. कारखान्यांतून येणारे कापडाचे तुकडे, रंगाप्रमाणे वेगळे करायचे. पावसाळ्यात गठ्ठे भिजलेले असायचे, उघडले की आंबूस वास यायचा आणि आतून करडी भुकटी उडायची. आईला दमा होता. तो मला तिच्याकडूनच आला असं सगळे म्हणायचे. तिच्या एक्स-रेवर डाग आला तेव्हा टीबीची औषधं सुरू झाली. थुंकीत जंतू कधीच सापडला नाही. कोर्स पूर्ण झाला, डाग गेला, आणि काही काळाने दुसऱ्या बाजूला आला. पुन्हा कोर्स. शेजारणींनी आमच्याकडे चहा घेणं बंद केलं. आईने स्वतःहून आपली ताटली आणि कप वेगळा केला, मोरीजवळच्या कोनाड्यात ठेवला. मला जवळ घेऊन झोपायची ती बंद झाली. ती गेली तेव्हा लोक म्हणाले, टीबीने गेली.

मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं आणि विचारलं, तिला हेच असेल का? ते म्हणाले, असू शकतं, पण आता सांगता येणार नाही. मी विचारलं, असे किती जण असतील? ते म्हणाले, आपल्या या भागात कुणी मोजलेलं नाही.

परत आल्यावर आधी थोरल्यांकडे गेलो. जावेच्या वेळी दिरांनी खुर्ची ओढून सांगितलं होतं. माझं माझ्या नवऱ्याने चपला काढता काढता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "हिलाही तेच का?" आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, मग गोळ्या एकदमच आणत जा, फेरी वाचेल. दीर म्हणाले, आता घाबरायचं कारण नाही, आपल्याला सगळं माहीत झालंय. खरंच होतं ते. दुर्मिळ आजार घरात दुसऱ्यांदा आला तेव्हा तो दुर्मिळ राहिला नव्हता. नणंदेचा फोन आला, फळं आली नाहीत. आमची भिंत कुणी रंगवली नाही. ती कोरडी होती, हे कबूल. पण वाटायचं ते वाटलंच.

जाऊ वर आलीच नाही. जिन्यात दिसली तर बरी आहेस का म्हणायची आणि पुढे जायची. मला राग आला. मला वाटलं, निदान ही तरी येऊन बसेल, गोळीने तोंडाला कशी चव नसते, झोप कशी येत नाही ते सांगेल. बाकावरच्या रिक्षावाल्याने त्या गिरणीवाल्या बाईला जेवढं सांगितलं तेवढं तरी.

ती आली एका रविवारी सकाळी. माझी मुलगी क्लासला गेली होती, नवरा खाली गाडी धूत होता. जावेच्या तोंडाला मास्क होता. माझ्याशी न बोलता ती थेट बाल्कनीत गेली आणि एक कुंडी उचलून लिफ्टपाशी ठेवली. मग दुसरी. मी म्हणाले, ताई, तुम्ही कशाला उचलताय, तुम्हाला माती नको म्हटलंय. ती म्हणाली, तुलाही नकोच होती. तिला दम लागला होता. मी तिच्या हातातून कुंडी घेतली, खाली ठेवली आणि वॉचमनला फोन करून वर बोलावलं. त्याने सगळ्या कुंड्या सोसायटीच्या गेटजवळ नेऊन लावल्या.

मग आम्ही चहा घेतला. ती कप हातात धरून बसली आणि म्हणाली, "तुलाही हाच व्हायचा होता का?"

मला आधी कळलं नाही. ती काळजीने म्हणत नव्हती. तिच्या आवाजात तक्रार होती, आपल्या ताटातलं कुणी उचलून नेल्यासारखी.  मग ती हळूहळू बोलली. लग्न झाल्यापासून ऑफिसहून आले की पर्स ठेवायची आणि ओट्याशी उभं राहायचं, म्हणाली. कुणी कधी बस म्हटलं नाही. या आजारात पहिल्यांदा सासूबाई म्हणाल्या, तू पड, मी करते. आता त्याच म्हणतात, तुम्हा दोघींना तेच आहे, ती वर राहून शाळा करते, स्वयंपाक करते, मग तुला काय झालंय? सूप बंद झालं. ओटा परत आला.

मला हसू आलं आणि ते आवरलं नाही. मी तिच्या सूपावर जळत होते आणि ती माझ्या कामावर. मी म्हणाले, "मला तुमचा हेवा वाटत होता. अजून वाटतो. सूपाचा नाही. तुमचं पहिल्या फेरीत सापडलं त्याचा."

आणि मी तिला माझ्या आईचं सांगितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिच्यापाशी आईबद्दल कधी बोलले नव्हते. टीबीने गेलेली आई ही सासरी सांगायची गोष्ट नव्हती. कोनाड्यातली ताटली सांगितली, चिंध्यांचे गठ्ठे सांगितले, जंतू न सापडता दिलेली औषधं सांगितली. तुमच्या आजाराला नाव मिळालं, माझ्यालाही मिळालं, तिच्याला मिळालं नाही, असं मी म्हणाले. त्या माऊलीने मला जवळ घ्यायचं सोडलं होतं, आणि तिचा आजार बहुतेक कुणाला लागणाराच नव्हता.

जाऊ रडली नाही, तिचा तो स्वभाव नाही. कप खाली ठेवून म्हणाली, "त्यांचे एक्स-रे आहेत का कुणाकडे?" नव्हते. चाळ सोडताना भावाने सगळं टाकून दिलं होतं. मग ती माझ्या भावाबद्दल विचारू लागली. त्याला धाप लागते का, त्याने तपासलं का. मी म्हणाले, तो माझं ऐकत नाही. तिने माझ्याकडून नंबर घेतला, त्याला तिथेच फोन लावला आणि अकाउंट्सवाल्या आवाजात असं काही समजावलं की तो पुढच्या आठवड्यात मुकाट तपासणीला गेला. धाप लागते तर डॉक्टरांना दाखव, असं मी वर्षानुवर्षं सांगत होते तेव्हा हसायचा. तिचा एक फोन त्याला पुरला. याचाही मला हेवा वाटला. त्याला बुरशीची अ‍ॅलर्जी निघाली नाही, नुसता दमा निघाला, आणि त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपले.

त्यानंतर आम्ही दोघी तपासणीला बरोबर जायला लागलो. शनिवारी दुपारी, त्याच बाकावर. बाकावर दर वेळी कुणी नवीन असायचं. कुणाला टीबीची औषधं देऊन झालेली, कुणी इतकी वर्षं नुसत्या पंपावर काढलेली. जाऊ आता दुर्मिळ हा शब्द वापरत नाही. ती समोरच्याला विचारते, दमा किती वर्षांचा आहे, बुरशीची तपासणी केली का, नसेल तर आत गेल्यावर विचारा. माझ्या शाळेतल्या शिपाईबाई वर्षभर खोकत होत्या, त्यांना मी विचारलं. त्या सरकारी दवाखान्यात गेल्या, अजून रिपोर्ट यायचे आहेत.

आकडे मात्र सारखे उतरत नाहीत. तिचा आकडा दर वेळी खाली यायचा, माझा थोडा खाली यायचा आणि पुन्हा चढायचा. डॉक्टर म्हणतात, जुन्या आजारात असं होतं, धीर धरा. माझं तोंड सुजलं आहे, साखर वाढली आहे. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही जाड झालात का. मी हो म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिच्या गोळ्या बंद केल्या. आता नुसता पंप चालेल, पण खोकला वाढला तर लगेच या, म्हणाले. माझ्या गोळ्या तशाच ठेवल्या आणि बुरशीवरच्या औषधाची मुदत वाढवली. बाहेर आल्यावर तिने आनंद दाखवला नाही. माझ्यासाठी दाखवला नाही, हे मला कळलं, आणि त्याने जास्तच झोंबलं. रिक्षा स्टँडपर्यंत चालताना ती म्हणाली, तुझंही होईल. मी म्हणाले, होईल हो ताई. तिने माझ्या हातातली फाइल घेतली, स्वतःची रिकामी झालेली गोळ्यांची पिशवी घडी करून पर्समध्ये टाकली आणि आमच्यासाठी रिक्षा थांबवली. एका हातात माझी फाइल होती; गोळ्यांची पिशवी गेलेल्या तिच्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे बघत मी आत बसले.